पोलंडवाल्याची गाडी

गडमुडशिंगीच्या आमच्या जुन्या घरी गोठ्याच्या माळ्यावर एका छोट्या मोटरसायकलचा सांगाडा पडून आहे. इंजिन नाही, चाकं नाहीत, टाकी नाही, पुढचा फोर्क नाही. नुसती फ्रेम, तिला लोंबणारा मागचा चिमटा आणि निळ्या ऑईलपेंटचे थर. दर चार-पाच वर्षांनी दारं रंगवून जो रंग उरायचा तो आजोबा तिलाही फासायचे. घरातल्या सगळ्यांसाठी ती 'पोलंडवाल्याची गाडी'. आजोबांनी आम्हा नातवंडांना सांगितलेली गोष्ट अशी, की वळिवड्याची छावणी उठली तेव्हा एका पोलिश साहेबाकडे दुधाची बाकी राहिली होती, ती फेडायला त्यानं ही गाडी दिली. आम्ही सगळे ही गोष्ट ऐकतच मोठे झालो. पुण्या-मुंबईच्या मित्रांना मी स्वतः ती कितीदा सांगितली असेल!

गेल्या वर्षी गोठा पाडून तिथे खोल्या काढायचं ठरलं आणि भंगारवाल्यानं फ्रेमचं वजन करायला काटा आणला. तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, पोलंडची असेल तर संग्रहालयाला दे, नसेल तर किलोवर घाल. झालं. आता ती नक्की काय आहे हे शोधून काढणं भागच होतं.

ज्यांना वळिवडे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गांधीनगर म्हटलं की आज आपल्याला कापडाची होलसेल दुकानं आठवतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे वसले, म्हणून ते गांधीनगर. पण त्यांच्याही आधी, १९४३ ते १९४८ या काळात, त्याच बराकींमध्ये सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. रशियानं १९४० साली पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना उचलून सैबेरियाकडे आणि मध्य आशियात नेऊन टाकलं. पुढे जर्मनीनं रशियावरच हल्ला केल्यावर १९४१ साली त्यांची सुटका झाली. त्यातले काही इराणमार्गे, कराचीमार्गे कोल्हापूर संस्थानात येऊन पोचले. त्यांच्या इथे शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउट पथकं होती. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला सांभाळलेली पोलिश मुलंसुद्धा शेवटी १९४६ साली इकडेच आली. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत मोठे फोटो आले होते.

आमच्या गावापासून हे सगळं अगदी हाकेच्या अंतरावर. आजोबा तेव्हा पोरसवदा होते आणि छावणीत दूध घालायला जायचे, हे खरंच आहे. त्यांना 'जेन दोब्री' म्हणता यायचं. (त्याचा अर्थ 'नमस्कार' असा होतो हे मला खूप उशिरा कळलं. लहानपणी आम्ही ती शिवी समजत होतो.) तेव्हा गोष्टीचा अर्धा भाग पक्का. प्रश्न फक्त गाडीचा.

पण जरा विचार केला की दुसरा अर्धा भाग डळमळायला लागतो. छावणीत मुख्यतः बायका आणि मुलं होती, कारण धडधाकट पुरुष पोलिश सैन्यात लढायला गेलेले. सैबेरियातून जीव घेऊन आलेली ही माणसं भत्त्यावर दिवस काढत होती. त्यांच्यात मोटरसायकलवाला साहेब कुठून येणार? तरीही असं नुसतं म्हणून चालत नाही. एखादा अधिकारी असेल, एखाद्या इंग्रजानं लष्करी लिलावात घेतलेली गाडी फिरत फिरत आली असेल. म्हणून मी माणसांना बाजूला ठेवलं आणि लोखंडाला विचारायचं ठरवलं.

१९४८ साली कुणी कुणाला अशी बुटकी मोटरसायकल देऊ शकत असेल तर ती कुठली असेल? जगात तेव्हा याची फार उदाहरणं नव्हती. एक होती ब्रिटिशांची वेलबाइक. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटच्या नळकांड्यात बसवून विमानातून खाली टाकायची म्हणून बनवलेली. तिचं हँडल दुमडायचं, सीटची दांडी आत ढकलली जायची, जमिनीवर पडल्यावर काही सेकंदांत उघडून सैनिक निघाला पाहिजे. अशा साडेतीन हजारांहून जास्त बनल्या. युद्ध संपल्यावर तिचंच सुधारलेलं रूप 'कॉर्गी' नावानं बाजारात आलं. दोघींत ९८ सीसीचं छोटं इंजिन, आणि दोघींना मागे शॉकअप नाही. चाक थेट फ्रेमला जखडलेलं.

आमच्या फ्रेमला मागे चिमटा आहे, वर दोन्ही बाजूंना शॉकअप अडकवायचे कान आहेत. हँडलपाशी दुमडायची कसलीही सोय नाही. म्हणजे वेलबाइकही गेली आणि कॉर्गीही गेली. १९४८ सालही त्यांच्याबरोबर गेलं असं मला तिथेच वाटायला लागलं होतं, पण आजोबांची गोष्ट एवढ्यावर मोडायची नव्हती.

मग पुढची शक्यता. साठच्या दशकात अमेरिकेत 'मिनीबाइक' नावाचं खूळ आलं होतं. अंगणात, शेतात पोरांनी पळवायची गाडी. वाकवलेल्या पाईपची साधी फ्रेम, आणि खाली एक सपाट पत्रा. त्या पत्र्यावर गवत कापायच्या यंत्राला लागतं तसलं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन किंवा टेकमसेचं इंजिन चार बोल्टनी बसवायचं. गिअर नाहीत. ब्रेक म्हणजे बऱ्याचदा टायरवर घासणारी पट्टी. अशा फ्रेमची ओळख म्हणजे तो सपाट पत्रा, तो दिसला की पुढे काही बघायलाच नको. जपानमध्ये होंडाची 'मंकी' होती. १९६१ साली एका करमणूक बागेत मुलांसाठी बनवलेली आणि पुढे रस्त्यावर आलेली. तिचं इंजिन जवळजवळ आडवं झोपलेलं असतं, म्हणून ते अडकवायचे कानही वेगळ्या जागी येतात. होंडाचीच 'डॅक्स' तर पाईपची नाहीच, तिची फ्रेम दाबून घडवलेल्या पत्र्याची, पोकळ.

आमच्या फ्रेमला सपाट पत्रा नाही. इंजिनाचे कान जाड आहेत, आणि त्यांच्यामधलं अंतर एवढं आहे की ५० सीसीचं इंजिन तिथे भोपळ्यात बी हलावी तसं हललं असतं. चांगलं दीडशे-पावणेदोनशे सीसीचं, उभ्या सिलिंडरचं धूड तिथे बसत असणार. एवढ्याशा गाडीत एवढं मोठं इंजिन! शिवाय फ्रेमवर हॉर्नची पट्टी आहे, बॅटरीच्या डब्याची जागा आहे, मागे नंबरप्लेटच्या दिव्याचा ब्रॅकेट आहे. अंगणातल्या खेळण्याला नंबरप्लेट कशाला लागेल? ही गाडी पहिल्यापासून रस्त्यावर, आरटीओच्या नजरेसमोर धावण्यासाठी बनली होती.

कोल्हापूरकर इथे लगेच म्हणतील, "अरे, कुणीतरी उद्यमनगरात बनवून घेतली असेल की!" शंका रास्त आहे. शिवाजी उद्यमनगरात काय बनत नाही? तेलाच्या इंजिनापासून उसाच्या चरकापर्यंत सगळं बघून बघून बनवणारी आपली माणसं. मोठ्या गाडीची फ्रेम कापून छोटी करणं त्यांना अवघड नव्हतं. पण कापलेली फ्रेम लपत नाही. जिथे पाईप कापून जोडला तिथे वेल्डिंगची माळ असते, ग्राइंडरचे ओरखडे असतात, आणि उजव्या-डाव्या बाजूत दोन-चार मिलिमीटरचा फरक पडतोच. मी टेप घेऊन बसलो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. पाईप जिथे वाकवलाय तिथे आतल्या बाजूला एकही सुरकुती नाही. सगळे ब्रॅकेट एकाच साच्यात धरून जोडलेले. म्हणजे कारखान्यातलीच, आणि एकटीदुकटी नाही, ओळीनं बनलेली.

पुढच्या नळीवरचा रंग रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरनं तीन संध्याकाळी खरवडला तेव्हा ठोकलेले आकडे दिसायला लागले. वर कागद धरून पेन्सिल घासली. विम्याचा माणूस जसा चासीचा ठसा घेतो, तसा. मधले दोन आकडे गंजानं खाल्लेत, बाकीचे स्वच्छ आले.

एवढं झाल्यावर फ्रेम टेम्पोत घालून मी गावाजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चष्मा लावला, इंजिनाच्या कानांवरून बोट फिरवलं, आणि कोपऱ्यातून काळंकुट्ट रिकामं क्रँककेस उचलून आणलं. खालचा बोल्ट गेला. मागचा गेला. वरचा जरा ठोकल्यावर गेला.

"राजदूत हाय बगा," ते म्हणाले. "बॉबी. बॉबी पिच्चरमदली."

वाचणाऱ्यांपैकी पन्नाशीच्या पुढचे आता हसत असतील. राजदूत जीटीएस १७५. एस्कॉर्ट्स कंपनीनं सत्तरच्या दशकात काढलेली बुटकी गाडी. लहान चाकं, उंच हँडल, आणि पोटात मोठ्या राजदूतचंच १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. मोठी राजदूत म्हणजे दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून पहाटे येणारी गाडी, तिला कोण विसरेल? तिचंच काळीज या बाहुलीत घातलेलं. राज कपूरचा 'बॉबी' १९७३ च्या सप्टेंबरमध्ये आला, त्यात ऋषी कपूर डिंपलला घेऊन याच गाडीवरून पळून जातो, आणि तेव्हापासून जीटीएस हे नाव कंपनीच्या कागदावरच राहिलं. गाडी सिनेमात गेली कशी याचंही फार गूढ नको. राज कपूरची मुलगी ऋतू एस्कॉर्ट्सच्या नंदांच्या घरात दिलेली. घरचंच काम. (राज कपूरचा कोल्हापूरशीही संबंध आहे. भालजी पेंढारकरांच्या १९४६ च्या 'वाल्मिकी'त तो नारद झाला होता. पण हे विषयांतर झालं.)

आपल्याकडे त्या काळी परदेशी मोटरसायकल आणणं जवळजवळ बंदच होतं. मद्रासची एनफील्ड, म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत, मोटरसायकल म्हटलं की निवड संपली. १९७२ मध्ये फिरोदियांची लूना आली ती मोपेड, आणि तीही मुळात इटलीच्या पियाजिओची. अमेरिकेत पोरांचं खेळणं असलेली वस्तू आपल्याकडे आली ती अशी मोठ्या माणसांची हौस बनून, मोठ्या इंजिनासकट. खेडेगावात तिचा उपयोग शून्य. गाडीवाटेच्या चाकोरीत ती लहान चाकं अडकली की गाडी उचलूनच काढायची. माझ्या मते अशी गाडी घेणारा माणूस एक तर सिनेमावेडा किंवा प्रेमात पडलेला.

आता गंमत ऐका. मोठी राजदूत एस्कॉर्ट्सची मुळातली नव्हे. १९६२ साली त्यांनी एका परदेशी गाडीचं लायसन घेतलं, तिचं नाव एसएचएल एम-११. ही एसएचएल कील्त्से नावाच्या शहरात बनत होती. आणि कील्त्से आहे पोलंडमध्ये!

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते, आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. एसएचएलची पहिली मोटरसायकल १९३८ सालची, तिच्यात इंग्लंडच्या विलियर्सचं ९८ सीसीचं इंजिन लायसनवर बनवून घातलेलं. वेलबाइकमध्येही विलियर्सचंच ९८. म्हणजे ज्या गाड्यांना मी पहिल्याच दिवशी बाद केलं त्यांच्याशीसुद्धा लांबचं का होईना नातं निघालंच. पण आजोबांना यातलं काही माहीत असणं शक्य नाही. वळिवड्याच्या छावणीचा आणि राजदूतच्या लायसनचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. निव्वळ योगायोग. कुणी याची पुढे 'अद्भुत कोल्हापूर' छापाची गोष्ट करून फिरवू नका, एवढी विनंती.

इथे शोध संपायला हरकत नव्हती. पण फ्रेमवर एक गोष्ट अशी होती की तिचा खुलासा होत नव्हता. डाव्या बाजूला, मागच्या शॉकअपच्या कानाजवळ, पाईपचा एक आडवा तुकडा आणि त्याखाली एक पट्टी जोडलेली आहे. ही मात्र कारखान्यातली नाही. वेल्डिंग गाठीगाठीचं, पाईप वेगळ्या जाडीचा, आणि उजवीकडे तसलं काहीच नाही. मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "साडी गार्ड. आन् खाली बाईमाणसाला पाय ठेवाय पट्टी. कुणीतरी करून घेतलंय."

म्हणजे या गाडीवर एक बाई बसत होती. एका बाजूला पाय सोडून, साडी सावरून. आणि तिची साडी चाकात जाऊ नये म्हणून कुणीतरी मुद्दाम वेल्डरकडे जाऊन, पैसे मोजून हे करून घेतलं होतं.

आमच्या आजीला मोटरसायकलवर बसलेली कुणी पाहिलेली नाही. आत्या तेव्हा शाळेत परकर-पोलक्यात.

मी आत्याला फोन केला.  गाडी पोलंडची नाही, राजदूत आहे, चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची असावी, असं सगळं सांगितलं. ती नुसती 'हं, हं' करत होती. साडी गार्डचं सांगितल्यावर गप्प झाली. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "ते व्हय? ते वैनीसाठी लावून घेतल्यालं दादानं."

दादा म्हणजे आमचे थोरले काका. आमच्या घरात त्यांचा फोटो नाही. लहानपणी आम्हाला एवढंच माहीत होतं की ते इचलकरंजीला असतात आणि आपलं त्यांच्याकडे जाणं-येणं नाही. आत्यानं त्या दिवशी सांगितलं ते असं. काकांनी उसाच्या बिलाचे पैसे परस्पर उचलले आणि ही गाडी आणली. आजोबा त्यावरही बोलले नसते, पण महिन्याभरात गाडीवरून ते लग्न करूनच घरी आले. मुलगी दुसऱ्या समाजातली. आजोबांनी दोघांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. सहा-सात महिने काका गावातच भाड्याच्या खोलीत राहिले, रोज संध्याकाळी काकूंना मागे बसवून घरासमोरून जायचे. मुद्दाम. आजोबा ओट्यावर बसलेले असायचे, ते मान फिरवायचे. मग काकांना इचलकरंजीत मागावर काम मिळालं, पैशांची नड होती म्हणून गाडीचं इंजिन, टाकी, चाकं सुटी सुटी विकली गेली. उरलेला सांगाडा कुणी घेईना. काका जाताना तो घराच्या मागच्या अंगणात टाकून गेले. रागानं का कशानं, देव जाणे.

"बापूंनी सकाळी उठून बघितलं," आत्या म्हणाली, "आन् स्वतः उचलून माळ्यावर ठेवलं. आईनं इचारलं तर म्हणाले, लोखंड हाय, उपेगी पडंल."

चाळीस वर्षांत त्या लोखंडाचा एक खिळाही कशाला वापरला गेला नाही. भंगारवाले दर वर्षी येत होते, घरातली तांब्या-पितळेची भांडी गेली, नांगर गेला, जुनी मोट गेली. फ्रेम राहिली, आणि तिला रंग लागत राहिला. आम्ही पोरं 'हे काय आहे' म्हणून विचारायला लागलो तेव्हा काहीतरी उत्तर देणं भाग होतं. त्यांनी आपल्या लहानपणातल्या परक्या, दूर निघून गेलेल्या माणसांच्या नावावर ती गाडी लावून टाकली.

काका १९९८ मध्ये गेले. आजोबा मातीला गेले नव्हते, हे मला आठवतं, कारण घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती आणि आम्हाला कारण सांगितलं गेलं नव्हतं.

हे सगळं इथे लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस अडून होतो. काकांच्या मुलीचा नंबर आत्याकडे होता (म्हणजे बायकांचं जाणं-येणं कधी तुटलंच नव्हतं, हेही आम्हा पुरुषांना आत्ता कळतंय!). तिला हा मजकूर आधी वाचून दाखवला. ती म्हणाली लिही, पण आईचं नाव घालू नको, तिला लाज वाटेल. काकू अजून आहेत, इचलकरंजीतच. गाडीचा रंग लाल होता, असं त्यांनी लेकीकरवी कळवलं. मी चिमट्याच्या आतल्या बाजूचा निळा रंग खरवडून पाहिला. खाली लाल आहे.

फ्रेम सध्या माझ्याकडे, पडवीत आहे. चुलतभावांना सांगून ठेवलंय की काटेवाल्याला परत बोलवायचं नाही. आरसी बुक इचलकरंजीच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत असावं असं काकूंना वाटतं, दिवाळीला पेटी उघडायची आहे. पेन्सिलच्या ठशातले मधले दोन आकडे त्यावरून लागतील. तोपर्यंत कुणाकडे जीटीएसचा पुढचा फोर्क किंवा ते उंच हँडल अडगळीत पडलं असेल तर कळवा. फार भाव सांगू नका, घरातल्या घरात आहे.